पंच्याऐंशी पाटील आणि आमची टाकी

जगात सगळीकडे पाण्याची मोटर एक बटण दाबलं की सुरू होते. आमच्या कॉलनीत त्यासाठी शंभराच्या वर बटणं दाबावी लागतात, तीही ठरलेल्या क्रमानं, आणि त्यातलं एक जरी चुकलं तरी टाकीत जायचं पाणी माझ्या जिन्यावरून खाली येतं. माझी नातवंडं सुरतेहून आली की पहिला प्रश्न विचारतात, आजोबा, या वेळी धबधबा आहे का?

ही करामत आमच्या शेजारच्या पाटील सरांची. शहाद्याहून लोणखेड्याला जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची कॉलनी आहे. घरं बावीस, त्यात पाटील नऊ. त्यामुळे नुसतं पाटील म्हणून भागत नाही. एक एसटी पाटील आहेत, एक केळीवाले पाटील आहेत, एक नुसतेच उंच पाटील आहेत, आणि हे आमचे पंच्याऐंशी पाटील. नव्या माणसाला वाटतं हे त्यांचं वय असावं. वय साठीच्या आतच आहे. पंच्याऐंशी ही सरांच्या लाडक्या मायक्रोप्रोसेसरच्या नंबराची शेपटी. आठ हजार पंच्याऐंशी असा काहीतरी तो नंबर आहे. मी ती वस्तू पाहिली आहे. बोटभर लांबीची काळी पट्टी, दोन्ही बाजूंना गोमेसारखे पाय. सर ती तळहातावर घेऊन दाखवतात तेव्हा त्यांचा चेहरा पहिला नातू दाखवणाऱ्या माणसासारखा होतो.

सर लोणखेड्याच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या मुलांना शिकवतात. विषयाचं पूर्ण नाव मायक्रोप्रोसेसर प्रोग्रॅमिंग आणि इंटरफेसिंग. मला समजलं ते असं : पहिल्या अर्ध्या भागात त्या गोमेला आकड्यांत हुकूम द्यायला शिकायचं, आणि दुसऱ्या अर्ध्या भागात तिला बाहेरच्या जगाशी जोडायचं, म्हणजे दिव्याशी, घंटेशी, मोटरशी. पहिला भाग कॉलेजच्या चार भिंतींत उरकतो. दुसऱ्या भागातलं बाहेरचं जग म्हणजे आम्ही.

याची सुरुवात चार वर्षांपूर्वी कॉलनीच्या बैठकीत झाली. नगरपालिकेचं पाणी आमच्या खालच्या हौदात येतं आणि तिथून मोटरनं वरच्या टाकीत चढतं. ही टाकी खांबांवर उभी आहे, माझ्या भिंतीला लागून. मोटर चालू करायची आठवण कॉलनीत सगळ्यांना असायची, बंद करायची कोणालाच नसायची. मी कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेब बघतो. आकड्यांचं काम करणाऱ्याला पाण्याचंही कळत असणार, अशा समजुतीनं कॉलनीनं पाण्याचं काम माझ्या गळ्यात घातलं आहे. मी बैठकीत तक्रार मांडली. तेव्हा सर उठले आणि म्हणाले, "टाकी मला द्या." मुलगी मागायला आल्यासारखे ते इतक्या गंभीरपणे म्हणाले की कोणाला हसू आलं नाही. अनुमोदन मी दिलं. ते मागे घेण्याची तरतूद आमच्या नियमांत नाही, हे मी नंतर तपासलं.

सरांनी टाकीत तांब्याच्या काड्या सोडल्या. पाणी काडीला लागलं की टाकी भरली असं मशीनला कळायचं. मोटरच्या खोलीत एका फळीवर हिरवी पाटी बसवली, तिच्यावर ती गोम, शेजारी लाल आकडे दाखवणारी काच आणि कॅल्क्युलेटरसारखी बटणं. नारळ फोडला. मोटर सुरू झाली, टाकी भरत आली, आणि मशीनला उचकी लागली. वर पाणी हिंदकळलं की काडीला लागे, मोटर बंद. पाणी स्थिर झालं की काडी सुटे, मोटर चालू. चालू, बंद, चालू, बंद. माझ्या स्वयंपाकघरातली भांडी मांडणीवर थरथरत होती.

मी सरांना बोलावून आणलं. त्यांनी बराच वेळ ऐकलं, जसं कोणी गाणं ऐकावं. मग म्हणाले, "बरोबर चाललंय. चूक आपली आहे."

मी म्हटलं, कोणाची का असेना, दुरुस्त करा. तर म्हणाले, आता नाही. प्रात्यक्षिक परीक्षा होईपर्यंत नाही. उचकी का लागते आणि ती कशी थांबवायची, हाच प्रश्न ते मुलांना देणार होते. म्हणजे एका संपूर्ण बॅचला उत्तर सापडेपर्यंत कॉलनीच्या मोटरनं उचक्या देत राहायचं. मुलं पाचपाचच्या गटानं यायची, मोटरच्या खोलीबाहेर उभी राहून ऐकायची, वहीत काहीतरी लिहायची आणि जायची. आमच्या हिला वाटायचं घरात कोणी आजारी आहे आणि शिकाऊ डॉक्टर बघून जातायत.

अखेर एका मुलीला उत्तर सापडलं. काडी सुटली तरी लगेच चालू करायचं नाही, टाकीतलं पाणी बरंच खाली गेल्यावरच करायचं. एवढंच. हे मलाही सुचलं होतं आणि मी पहिल्याच दिवशी बोललोही होतो. पण मी बी.एस्सी.च्या यादीत नसल्यामुळे माझं उत्तर ग्राह्य धरलं गेलं नाही.

त्यानंतर सरांनी मोटरचं जुनं हिरवं बटण काढून टाकलं. का, तर एका मोटरला हुकूम देणारे दोन असू नयेत. मी रागावलो. उद्या मशीन बंद पडलं तर? सर म्हणाले, "मशीनले अक्कल नही शे नाना, म्हणीसन ते खोटं बोलस नही." सर शिकवताना, भांडताना आणि आनंदात असताना अहिराणीत जातात. कागदावर आणि प्राचार्यांसमोर तेवढे प्रमाण मराठीत राहतात. मशीनला अक्कल नसते आणि म्हणून ते खोटं बोलत नाही, हे त्यांचं ब्रीदवाक्य. दुसरं ब्रीदवाक्य चुकलेल्या मुलासाठी राखलेलं : "तू सांगं ते नही, तू लिखं ते व्हयनं." तुझ्या मनात होतं ते नव्हे, तू लिहिलंस ते झालं. मला या वाक्याचा एरवी राग येत नाही, हिशेबाच्या कामात ते खरंच आहे. पण ते माझ्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून कोणी ऐकवलं की येतो.

खरी अडचण मात्र वेगळी होती. लाइट गेली की मशीन सगळं विसरायचं. मोटर कधी चालू करायची, कधी बंद, हे सगळं आकड्यांत लिहून त्याच्या पोटात भरलेलं असतं. लाइट गेली की पोट रिकामं. लाइट परत आली तरी ते डोळे उघडून नुसतं बघत बसतं. आणि आमच्याकडे लाइट जाणं म्हणजे काही सूर्यग्रहण नव्हे.

लाइट गेली की बाकीचे लोक वीज कार्यालयाला फोन करतात. सर हॉस्टेलला करायचे. "कोण शे रे मोकळा? टाकी भुली गयी." मग लोणखेड्याहून कोणीतरी मुलगा नाहीतर मुलगी सायकलवर, मोटारसायकलवर, एकदा तर उसाच्या ट्रॅक्टरवर बसून यायची. मोटरच्या खोलीत उभं राहून सगळे आकडे एकेक करून बटणांनी पुन्हा भरायची. सर मागे हात बांधून उभे. बटणाला हात लावायचे नाहीत, एकदासुद्धा नाही. मी म्हटलं, सर, तुम्हाला पाठ आहे, तुम्हीच भरून टाका ना, बायका खोळंबल्यायत. तर म्हणाले, "मी भरलं तर पाणी येईल. त्याला काय येईल?"

कॉलनीतल्या लहान मुलांना ते आकडे ऐकून ऐकून पाठ झाले. अंगणात लंगडी खेळताना ती म्हणतात, तीन-ई, आठ-दोन, डी-तीन, शून्य-तीन. केळीवाल्या पाटलांची नात शाळेत पाढे म्हणायला उभी राहिली आणि तिनं हेच म्हटलं. बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली.

मोलगीचा रायसिंग नावाचा एक मुलगा होता. घरी आदिवासींची पावरी बोली बोलणारा, अंगानं किडकिडीत, माणसांसमोर तोंड न उघडणारा. त्यानं एकदा आकडे भरताना एकच चुकवला. टाकी भरली नसेल तर थांब, भरली असेल तर चालू राहा, असा उलटा हुकूम गेला, आणि टाकी नेमकी तेव्हा भरलेली होती. आम्ही सगळे त्या दुपारी एका लग्नाला गेलो होतो. परतलो तेव्हा माझ्या जिन्यावरून पाणी पायऱ्या मोजत उतरत होतं, आणि तळाच्या पायरीवर त्या पाण्यात सर आणि रायसिंग शेजारी शेजारी बसले होते. सर त्याला एकेक आकडा मोठ्यानं वाचायला लावत होते. मी तोंड उघडलं, तर सरांनी मला हातानं थांबवलं. रायसिंग वाचत वाचत त्या आकड्यापाशी आला, थांबला, आणि मान वर करून म्हणाला, सर, सापडलं. सरांनी त्याच्या पाठीत असा गुद्दा मारला की तो पुढे कलंडला. मी भिजलेली पोती उचलत होतो. त्यात आमचे गहू होते.

बायकोनं त्या दोघांना टॉवेल दिला. पोत्यांबद्दल ती मला म्हणाली, वाळतील.

काम झालं की सर त्या मुलांना जेवायला बसवायचे. सरांना एकच पदार्थ येतो, शेवभाजी, आणि ती इतकी तिखट की तिच्या वासानं माझ्या घरी ठसका लागतो. सरांचं लग्न झालेलं नाही. फार वर्षांपूर्वी प्रकाशा गावाला मुलगी बघायला गेले होते. ते त्या लोकांच्या विहिरीवरचा बिघडलेला स्टार्टर दुरुस्त करून आले. मुलगी कशी होती विचारलं तर यांना आठवेना, स्टार्टरचं मात्र सविस्तर सांगत बसले. पुढे कोणी त्यांना कुठे नेलं नाही. त्यांच्या बाहेरच्या खोलीत सोफा नाही, टीव्ही नाही. एक लांब टेबल आणि भिंतीला लावून ठेवलेली एकात एक घातलेली स्टुलं. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर. शर्टावर डागांच्या जागी सोल्डरिंगच्या थेंबांनी पडलेली भोकं असतात.

मी काही दगडाचा माणूस नाही. विषय चांगला आहे, मुलं शिकतायत, हे मला दिसत होतं. पण बावीस घरांचं पाणी एका अभ्यासक्रमावर अवलंबून ठेवणं मला पटत नव्हतं. बाजारात तयार यंत्र मिळतं. टाकीत एक गोळा सोडायचा, तो पाण्यावर तरंगतो, वर आला की मोटर बंद, खाली गेला की चालू. लाइट गेली-आली तरी त्याला फरक पडत नाही, कारण त्याला आठवायचंच काही नसतं. मी सरांना ते दाखवलं. त्यांनी हातात घेऊन गोळा वरखाली करून पाहिला.

"हे काम करतं," ते म्हणाले.

"मग?"

"हे शिकवत नाही."

यंदा चैत्रात लाइटनं फारच छळलं. बैठकीत आमचे अध्यक्ष चौधरी अण्णा उभे राहिले आणि सरळ ठराव मांडला : आखाजीपर्यंत मशीन पुन्हा एकदा जरी बंद पडलं, तरी ते काढून तयार यंत्र बसवायचं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात दिवाळीला आली नाही तरी चालेल, पण आखाजीला लेक माहेरी यावी लागते. घरोघरी माणसं दुप्पट होतात, झोके बांधले जातात, आणि सकाळी पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरायची असते. त्या दिवशी पाणी नाही म्हणजे काय, हे अण्णांनी सांगायची गरज नव्हती. ठराव सर्वानुमते झाला. सर्वांमध्ये मीही होतो. तयार यंत्र आणून माझ्या माळ्यावर ठेवलं.

सर भांडतील म्हणून मी तयारीत होतो. ते भांडले नाहीत. दुसऱ्या दिवशी फाटकाशी आले. कॉलेजात आता इंटरफेसिंगचं प्रात्यक्षिक कॉम्प्युटरच्या पडद्यावर होतं, असं त्यांनी मला सांगितलं. चित्रातली मोटर, चित्रातली टाकी. "पडद्यावरचं पाणी कोणाच्या जिन्यावर येत नाही," ते म्हणाले. मला ती पडद्याची मोठी सोय वाटली. ते म्हणाले, "पोरांनी हात लावावा अशी आता ही एक टाकीच उरली आहे, नाना. आणि पुढच्या वर्षी मी निवृत्त. मग माझ्याकडे कॉलेजही नाही." एवढं बोलून ते वर विजेच्या तारांकडे बघत राहिले. त्यानंतर रोज मी त्यांना तसंच बघताना पाहत होतो. वारा सुटला की ते बाहेर येऊन उभे राहायचे.

आखाजीच्या दिवशी वारा नव्हता. सकाळी ऊन स्वच्छ होतं, आमची लेक स्वाती मुलांना घेऊन आदल्या दिवशीच आली होती, अण्णांच्या तिन्ही लेकी आल्या होत्या, खापरावर मांडे भाजल्याचा वास साऱ्या कॉलनीत होता. आणि लाइट गेली. थोड्या वेळानं आली. पण तेवढं पुरलं. टाकीत जे होतं ते पाहुण्यांच्या आंघोळींनी संपवलं होतं. बायका रिकाम्या घागरी कडेवर घेऊन मोटरच्या खोलीपाशी जमल्या.

अण्णा काठी टेकत आले. "पंच्याऐंशी, घर मा पाव्हना बशेल शेतस. तुन्हं मशीन काय करी ऱ्हायनं?"

"काहीच करी नही ऱ्हायनं," सर म्हणाले. "भुली गयं."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. ठराव मला आठवत होता. तयार यंत्र बसवायला मी वायरमनला फोन लावला, तो म्हणाला आज आखाजी आहे, फार तर संध्याकाळी बघतो, नाहीतर उद्या सकाळी नक्की. तिकडे सर हॉस्टेलला फोन लावत होते. हॉस्टेल रिकामं होतं, सगळी मुलं घरी गेलेली. मी म्हटलं, सर, आज तरी तुम्हीच भरा. त्यांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही, आणि फोनवर आणखी एक नंबर लावत ते बाजूला गेले. "रिबेका, लाइट गयी व्हती. येशी का?" एवढं मला ऐकू आलं.

वाट बघण्यात तास गेला, मोटरच्या खोलीत मी एकटाच उरलो. चार वर्षांत त्या पाटीकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं, रागाच्या माणसाला बारकावे दिसत नाहीत. आता करायला काही नव्हतं म्हणून पाहिली. एका कोपऱ्यात नाण्याएवढी गोल खाच होती. तिच्यात पितळी पत्री, शेजारी अधिकचं चिन्ह छापलेलं. अशी खाच मी ओळखतो. आमच्या घरच्या वजनकाट्याच्या पाठीला आहे. तिथे गोल सेल बसतो.

मी जिनिंगमधल्या एका ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, हो, तो सेल असला की लाइट गेली तरी मेमरी जात नाही, त्यासाठीच असतो तो. खाचेतल्या पत्रीवर गंज नव्हता. कोणीतरी ती पुसून स्वच्छ ठेवली होती. म्हणजे सेल पडून गेला नव्हता. काढून घेतला होता.

चार वर्षं. माझे गहू, माझा जिना, बायकांच्या घागरी, उसाच्या ट्रॅक्टरवरून आलेली पोरं, सगळं एका चाळीस रुपयांच्या सेलसाठी. मी घरी गेलो, वजनकाटा उलटा करून सेल काढला, खिशात टाकला आणि सरांना सगळ्यांसमोर जाब विचारायचा असं ठरवून बाहेर आलो.

तेवढ्यात मोटारसायकल आली. मागच्या सीटवरून रिबेका उतरली. ही तीच, उचकीचं उत्तर शोधलेली. मूळची नवापूरकडची, आता नंदुरबारला एका शाळेत विज्ञान शिकवते. नवरा गाडी चालवत होता, दोघांच्या मध्ये एक लहान मुलगी बसलेली. रिबेकानं मुलीला कडेवर घेतलं आणि बायकांच्या घागरींमधून वाट काढत सरळ आत गेली. एका हातानं तिनं आकडे भरायला सुरुवात केली. कागद नव्हता. कडेवरची मुलगी मध्येच एखादं बटण दाबायला हात पुढे करायची, ही तो हात हलकेच बाजूला करायची. सर मागे हात बांधून उभे. मोटर घरघरली आणि वर टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. अण्णांच्या लेकीनं पहिली घागर नळाखाली धरली.

सर घाईनं घराकडे गेले. शेवभाजीचं बघतो म्हणाले.

रिबेका खोलीतच थांबली होती. मी खिशातून सेल काढून तिला दाखवला आणि त्या खाचेकडे बोट केलं. तिनं सेलकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, सर ऐकत नाहीत ना याची खात्री केली.

"माहीत आहे, काका," ती म्हणाली.

"तुला माहीत आहे?"

"सगळ्या बॅचला माहीत आहे. पुस्तकातच आहे ते, सेलचं. आमच्या वर्गात कोणीतरी पहिल्याच आठवड्यात विचारणार होतं. रायसिंगनं त्याला गप्प केलं."

"मग तुम्ही येता कशाला? आज आखाजीच्या दिवशी, नंदुरबारहून?"

"आमच्यात आखाजी नसते," ती म्हणाली. "आम्ही चर्चला जाणारे. पण सगळ्या मैत्रिणी आज माहेरी जातात. सरांचा फोन आला तर बरं, असं सकाळपासून वाटत होतं." मग मुलीला दुसऱ्या कडेवर घेत तिनं हळूच सांगितलं, "आम्हाला कळलंय हे सरांना माहीत नाही. तुम्ही सांगू नका."

मी सेल खिशात ठेवला. जाब विचारायचा माणूस शेजारच्या घरात कांदा चिरत होता.

ते जेवले. सरांच्या खिडकीतून स्टुलं ओढल्याचा आवाज येत होता, रिबेकाची मुलगी तिखट लागून रडली, मग आमच्या हिनं आमरस नेऊन दिला, मग ती थांबली. ऊन कलल्यावर निघायची वेळ झाली. सर माझ्या दारात आले. चार वर्षांत ते माझ्या दारात शंभरदा आले असतील, मला काहीतरी समजावून सांगायला. या वेळी ते उंबऱ्याबाहेरच थांबले, माझ्याकडे न बघता आत आमच्या हिच्याकडे बघून, अडखळत म्हणाले, "वहिनी, पोरनी बोळवण करतांना काय काय देतस?"

स्वातीसाठी आणलेल्या दोन साड्यांपैकी एक हिनं कपाटातून काढली, स्वातीकडे पाहिलं, स्वातीनं मान हलवली. मग तिनं पाटीभर आंबे भरले, वर ते झगुलं ठेवलं जे धाकट्या नातीसाठी शिवून घेतलं होतं आणि तिला आखूड झालं होतं, आणि पाटी सरांच्या हातात दिली. कशी धरायची ते त्यांना समजेना. तिनं त्यांचे हात खालून लावून दिले.

ते फाटकातून बाहेर गेले, दोन्ही हातांनी पाटी सांभाळत, जिन्यावर पाणी असल्यासारखे जपून.

मी आत येऊन सेल वजनकाट्यात बसवला. नंतर वायरमनला फोन लावला आणि उद्या सकाळी येऊ नको म्हणून सांगितलं. मग कधी येऊ, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, कळवीन. चौधरी अण्णांना काय सांगायचं ते मात्र अजून ठरवलेलं नाही. ठराव माझ्याच अक्षरात आहे.